उठून बसलं की डोकं फुटतं : एपिड्युरलनंतरच्या डोकेदुखीचं एक प्रकरण

रुग्ण २६ वर्षांची, पहिलटकरीण. सासर पुण्याला, माहेर सोलापूरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण उरकून सातव्या महिन्यात ती जुळे सोलापुरातल्या घरी आली. वडिलांचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान; घरात आई, आजी आणि धाकटा भाऊ. गरोदरपणात रक्तदाब, साखर, थायरॉइड सगळं जागेवर. अर्धशिशीचा त्रास पूर्वी कधी नाही. वजन ६८ किलो. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून हे लिहिते आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. या मुलीला एपिड्युरल, म्हणजे कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून कमरेत नळी बसवून देतात ती भूल, मी दिलं नव्हतं. ज्यांनी दिलं ते सहकारी त्यानंतर परगावी गेले होते, म्हणून प्रसूतीनंतर चौथ्या दिवशी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी मला बोलावलं. त्याआधीचा भाग केसपेपरवरून आणि त्या सहकाऱ्यांशी फोनवर सविस्तर बोलून लिहिला आहे.

प्रसूतीच्या खोलीत

एप्रिलमधला सोमवार. पहाटे कळा सुरू झाल्या, दहाच्या सुमारास ती दाखल झाली आणि गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं तेव्हा तिने स्वतःहून एपिड्युरल मागितलं. पुण्यातल्या मैत्रिणींनी घेतलेलं होतं, तिने वाचलंही होतं. सोलापुरात सिझेरियनच्या वेळी कमरेत देतात ते इंजेक्शन घरोघरी माहीत आहे. कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून देतात ते एपिड्युरल बऱ्याच घरांना अजून नवं आहे. आजींना ते मुळीच पटलेलं नव्हतं. ‘आमी काय सुया टोचून घेऊन बाळंत झालो व्हय?’ असं त्या म्हणाल्याचं मला नंतर कळलं. माझं मत पक्कं आहे : जी बाई मागते तिला सगळं समजावून सांगून एपिड्युरल मिळालंच पाहिजे. या प्रकरणाने ते मत बदललेलं नाही. मात्र एपिड्युरल देणाऱ्याचं काम नळी काढली की संपत नाही, पुढचे आठ-दहा दिवसही त्यातच धरायचे असतात, हे मला इथे सांगायचं आहे.

सिझेरियनचं स्पायनल आणि कळांसाठीचं एपिड्युरल दोन्ही कमरेतच देतात, पण सुईचं टोक थांबतं ती जागा वेगळी. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो, सीएसएफ. मोठ्या माणसात तो साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होत राहतो. या द्रवाला धरून ठेवणारं चिवट आवरण म्हणजे ड्यूरा. स्पायनलमध्ये ड्यूरा मुद्दाम ओलांडतात, पण सुई केसासारखी बारीक, २५ किंवा २७ नंबरची (नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक). एपिड्युरलमध्ये ड्यूराच्या अलीकडच्या पोकळीत थांबायचं असतं आणि तिथे नळी सरकवायची असते, म्हणून सुई जाड लागते : टुओही सुई, बहुधा १८ नंबरची, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. त्वचेपासून ही पोकळी बहुतेक बायकांत ४ ते ६ सेंटिमीटर आत असते. पोकळी स्वतः काही मिलिमीटरच रुंद. सलाईन भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने दाबत सुई पुढे न्यायची. चिवट बंध ओलांडला की अंगठ्याखालचा प्रतिकार एकदम सुटतो, तिथे थांबायचं. सगळं काम त्या अंगठ्याच्या जाणिवेवर.

तिच्या बाबतीत कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून सुई आत जात असताना जोराची कळ आली आणि तिने कंबर आखडली. प्रतिकार सुटला, सिरिंज काढली, तर सुईतून थेंबाथेंबाने नव्हे, धारेने पाणी यायला लागलं. सलाईन मनगटावर घेतलं तर थंड लागतं, हा द्रव कोमट होता. ड्यूराला भोक पडलं होतं.

हे कोणाच्याही हातून होऊ शकतं. कळांसाठी दिलेल्या एपिड्युरलमध्ये शंभरात साधारण एकीला असं होतं. सराव वाढला की प्रमाण घटतं, शून्य होत नाही. असं झालं की तिथल्या तिथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे नळी त्याच भोकातून आत सरकवून स्पायनलसारखी वापरायची. वेदना छान थांबतात, दुसरी टोचणी टळते. पण या नळीतून जाणारा डोस एपिड्युरलच्या डोसाच्या कितीतरी पट कमी असतो. ड्युटी बदलली, नवीन सिस्टरने साधी एपिड्युरलची नळी समजून नेहमीचा डोस दिला, तर भूल छातीच्या वर चढते, श्वास थांबू शकतो. ज्या मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ चोवीस तास प्रसूतिकक्षात असतो तिथे हा रस्ता ठीक. आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ एका ठिकाणचं काम आटपून होटगी रोडवरून विजापूर रोडला पळत असतो. तिथे मी दुसराच रस्ता घेईन, तो म्हणजे सुई पूर्ण काढून वरच्या फटीत नव्याने एपिड्युरल बसवणं. सहकाऱ्यांनी तेच केलं. ५ सेंटिमीटरवर पोकळी मिळाली. लिग्नोकेन-ॲड्रिनलिनचा ३ मिलिलिटरचा चाचणी डोस दिला, मग ०.१ टक्के बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध आणि फेंटॅनिल हे वेदनाशामक, तेही एकदम न देता थोडं थोडं, कारण खालच्या भोकातून औषध आत झिरपून भूल वर चढण्याची शक्यता असते. वीस मिनिटांत तिच्या कळा सुसह्य झाल्या. संध्याकाळी सातला २.९ किलोची मुलगी झाली, नॉर्मल. नळी काढली.

सहकाऱ्यांनी भुलीच्या कागदावर सगळं स्वच्छ लिहिलं होतं : पहिल्या प्रयत्नात ड्यूरा पंक्चर, वरच्या फटीत पुन्हा बसवलं, डोकेदुखीची शक्यता सांगितली. सांगितलं तेव्हा तिला कळा चालू होत्या. तिला ते आठवत नव्हतं. आई त्या वेळी खोलीबाहेर होती. बुधवारी घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड हातात आलं त्यावर एकच ओळ होती : एपिड्युरलसह नैसर्गिक प्रसूती, आई व बाळ सुखरूप. भुलीचा कागद रुग्णालयाच्या फाईलमध्ये राहिला.

घरी

बुधवारी सकाळीच तिने ‘डोकं जड झालंय’ असं सिस्टरला सांगितलं होतं. पॅरासिटामॉल मिळाली, झोप झाली नसेल म्हणून विषय संपला. तीही घरी जायच्या घाईत.

ड्यूराला भोक पडल्यावरची डोकेदुखी बहुधा दोन-तीन दिवसांत सुरू होते, कधी पाचव्या दिवसापर्यंतही. टुओही सुईने भोक पडलं असेल तर निम्म्याहून जास्त बायकांना ती होतेच. सीएसएफ गळत राहतो, कवटीतला दाब उतरतो, उभं राहिलं की मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि त्याची आवरणं ताणली जातात. घटलेल्या द्रवाची जागा भरून काढायला मेंदूतल्या रक्तवाहिन्याही फुगतात. आडवं झालं की दोन्ही गोष्टी ओसरतात. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी स्पायनल भूल पहिल्यांदा वापरली, स्वतःवरही प्रयोग केला, आणि नंतर अनेक दिवस त्यांना हीच डोकेदुखी झाली. आडवं पडलं की थांबते, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे.

आता ही डोकेदुखी बाळंतिणीच्या खोलीत आणून बघा. आपल्याकडे बाळंतीण झोपूनच असते. डोक्याला फडकं, कानात कापूस, पंखा बंद, खाटेखाली शेगडी. जेवण तिथेच, बाळही तिथेच. म्हणजे जी डोकेदुखी झोपल्यावर दिसेनाशी होते तिला लपायला याहून चांगली जागा नाही. दिसते कधी, तर पाजायला उठून बसावं लागतं तेव्हा. ही मुलगी पाजायला बसली की दोन मिनिटांत बाळ आईकडे देऊन आडवी व्हायची. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, पुण्याच्या मुलींना पाजायचा कंटाळा असतो. गुरुवारी बाळ दिवसभर रडलं, वाटीचमच्याने वरचं दूध सुरू झालं. आजींचं निदान ठरलेलं होतं : वारं लागलं. त्यावर उपाय म्हणून कानातला कापूस दुप्पट झाला आणि पाणी आणखी कमी झालं, कारण बाळंतिणीला फार पाणी दिलं तर पोट सुटतं असा घरातला समज. बाहेर पारा ४२ च्या पुढे.

मला सगळ्यात वाईट याचं वाटलं, की चार दिवसांत कोणीही तिला साधा प्रश्न विचारला नव्हता : ‘झोपल्यावर कसं वाटतं आणि बसल्यावर कसं वाटतं?’

शुक्रवारी दुपारी तिला उलटी झाली, मानही दुखायला लागली, तेव्हा वडिलांनी दुकान भावावर सोपवून तिला परत आणलं. रिक्षात ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होऊन आली.

तपासणी

ती खाटेवर सपाट झोपली होती आणि माझ्याशी नीट बोलत होती. मी म्हटलं, ‘बाळा, आता हळूहळू उठून बस, आणि काय होतं ते मला सांगत राहा.’ बसली. आधी काहीच नाही. मग तिने हात मानेमागे नेला. ‘इथून चढायला लागलं... आता डोळ्यांमागे आलं...’ एका मिनिटाच्या आत तिने डोळे मिटले, खाटेचा दांडा घट्ट धरला. कानात दडे बसल्यासारखं वाटतं, माझा आवाज लांबून येतो, असं म्हणाली. तशीच बसलेली असताना मी एक हात तिच्या पाठीला लावून दुसऱ्या तळव्याने पोटावर घट्ट दाब दिला. अर्ध्या मिनिटात तिचा चेहरा सैल झाला. हात काढला, दुखणं परत. पोटावरच्या दाबाने कण्याच्या पोकळीतला दाब वाढतो, म्हणून हे घडतं. खाटेजवळ उभं राहून, कुठलंही यंत्र न लावता करता येणारी ही चाचणी प्रत्येक डॉक्टरने एकदा करून पाहावी. आडवी केली, मिनिटभरात बरं वाटलं.

रक्तदाब १२४/७८, ताप नाही, लघवीत प्रथिनं नाहीत. हातापायांत जोर सारखा, प्रतिक्षिप्त क्रिया नेहमीसारख्या. डोळे डावीउजवीकडे फिरवताना दोन-दोन दिसत नव्हतं. हे मुद्दाम पाहावं लागतं, कारण मेंदू खाली ओढला गेला की डोळा बाहेर वळवणारी सहावी नस ताणली जाते. टोचल्याच्या दोन्ही जागा कोरड्या, लाली नाही. जीभ मात्र सुकलेली.

चित्र इतकं ठळक होतं की लगेच उपचाराकडे वळावंसं वाटेल. पण आईने जाता जाता एक वाक्य टाकलं : ‘काल रात्री तर झोपूनसुद्धा दुखत होतं तिचं.’

या वाक्याने मी थांबले. बाळंतिणीचं डोकं दुखण्याची कारणं अनेक, आणि त्यांतली काही जिवावर बेततात. प्रसूतीनंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातो. बाळंतपणाआधी रक्तदाब कधी वाढलेला नसला तरी नंतर झटके येऊ शकतात. ती शक्यता रक्तदाब आणि लघवीने बरीचशी दूर झाली होती. मेंदूज्वर, तर ताप हवा. पण मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होणं, हा धोका बाळंतिणीत खराच असतो. गरोदरपणात आणि नंतर काही आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात पाणी तोडलं, त्यात सोलापूरचा एप्रिल, त्यात चार दिवस अंथरुणात. वर सीएसएफ गळत असेल तर कवटीतल्या शिरा आणखी फुगतात. दुसरा धोका म्हणजे मेंदू ओढला गेल्याने आवरणाखालची बारीक शीर तुटून रक्त साठणं. बसल्यावर दुखणारं डोकं जेव्हा झोपूनही दुखायला लागतं, तेव्हा आधीचं निदान बाजूला ठेवून नव्याने बघायचं असतं.

शिरांच्या चित्रीकरणासह एमआरआय करायला सांगितला. वडील खर्चाचं काही बोलले नाहीत, पण ‘नक्की गरज आहे ना मॅडम?’ एवढं विचारलं. मी कारण सांगितलं. रात्री आठला रिपोर्ट आला : शिरा मोकळ्या, रक्तस्राव नाही.

मग झोपून का दुखलं? त्या रात्रीचं पुन्हा खोदून विचारलं तेव्हा उत्तर निघालं. उलटीसारखं वाटतं म्हणून आजींनी तिच्या पाठीमागे लोड आणि दोन उशा रचल्या होत्या. ती झोपलेली नव्हतीच, रात्रभर अर्धवट बसलेली होती.

आजींचा प्रश्न

हलक्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखं औषध, पुरेसं पाणी, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून औषध आणि हवं तेव्हा आडवं होण्याची मुभा एवढं पुरतं. बऱ्याच बायकांचं भोक आठ-पंधरा दिवसांत आपोआप बुजतं. चहा-कॉफीतल्या कॅफिनने थोडा वेळ आराम पडतो. अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, बाळ चिडचिडं होतं. सक्तीने झोपवून ठेवल्याने किंवा बाटल्यांमागून बाटल्या सलाईन चढवल्याने भोक लवकर बुजत नाही. ही सवय आपल्याकडे डॉक्टरांतही आहे आणि ती सुटायला हवी. झोपवून ठेवल्याने पायातल्या शिरांत गुठळीचा धोका मात्र वाढतो. पाणी द्यायचं ते बाळंतिणीला पाणी लागतं म्हणून.

पण जी आई पाजायला बसू शकत नाही, तिची डोकेदुखी हलकी म्हणायची नाही. शुक्रवारी रात्री मी ब्लड पॅच सुचवला. तिच्याच हातातून रक्त काढून कमरेतल्या एपिड्युरल पोकळीत सोडायचं. रक्ताने तिथला दाब लगेच वाढतो, म्हणून डोकं तासा-दोन तासांत हलकं होतं. पुढे ते गोठून भोकावर चिकटतं आणि गळती थांबवतं. ही कल्पना १९६० मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक जेम्स गॉर्मली यांनी मांडली. कमरेतून द्रव काढताना ज्यांच्यात रक्त आलं त्यांची डोकी कमी दुखतात, या निरीक्षणावरून. १९७० मध्ये डिजिओव्हानी आणि डनबार यांनी ती पद्धतशीर वापरून दाखवली.

आजी इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या उठून माझ्यापुढे आल्या. ‘डॉक्टरीणबाई, सुई घातली म्हणून पोरीचं डोकं दुखालंय म्हणता. आन् आता परत तितंच सुई घालता?’

प्रश्न अगदी बिनतोड होता, आणि त्याला तेवढंच सरळ उत्तर द्यायला हवं होतं. मी म्हटलं, ‘आजी, माठाला बारीक चीर गेली तर पाणी झिरपतं. आतून लिंपायचं म्हटलं तर माठ रिकामा करावा लागतो. आपण बाहेरून लिंपणार आहोत. सुई माठाच्या आत घालायची नाही, अलीकडे थांबवायची.’

‘आन् आत गेली तर?’

‘शंभरात एखादीला जाऊ शकते. ते मी लपवत नाही.’

आणखीही सांगितलं, आणि हे सगळं संमतिपत्रावर मराठीत लिहिलं. जाड सुईच्या भोकावर पहिल्याच ब्लड पॅचने डोकेदुखी पूर्ण आणि कायमची जाईल असं साधारण तिघींपैकी एकीत घडतं. बहुतेकींना कमी-जास्त आराम पडतो. काहींना दुसऱ्यांदा करावा लागतो. चार-पाच दिवस कंबर भरून येते. जंतुसंसर्ग क्वचित होतो, आणि म्हणूनच अंगात ताप असेल तर हे करत नाहीत. पंक्चरनंतर पहिल्या ४८ तासांत केलं तर अपयश जास्त येतं. आपण त्या पुढे आलो आहोत.

नवरा रात्रीच्या गाडीने पुण्याहून पोचला होता. त्याने प्रवासात फोनवर बरंच वाचलं होतं आणि त्याचा चेहरा त्यामुळेच उतरलेला होता. ‘मॅडम, तिचे पाय जातील का?’ हा प्रश्न मला सिझेरियनच्या आधीही सतत विचारला जातो, म्हणून आकड्यानिशी सांगते. प्रसूतीच्या एपिड्युरलवरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. कायमची मज्जातंतूंची इजा सुमारे २,४०,००० बायकांत एकीला. पोकळीत रक्त साठून दाब येणं सुमारे १,६८,००० मध्ये एकीला. खोल जंतुसंसर्ग सुमारे १,४५,००० मध्ये एकीला. काही काळ टिकून बरी होणारी बधिरता किंवा अशक्तपणा सुमारे ६,७०० मध्ये एकीला. रोज दिसतात त्या गोष्टी याहून साध्या : रक्तदाब उतरणं, अंगाला खाज, थरथर, एका बाजूला भूल कमी लागणं, लघवी अडणं, थोडा ताप. रक्तदाब उतरला की बाळाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून पहिला अर्धा तास कोणीतरी जवळ हवंच. आयुष्यभराची कंबरदुखी एपिड्युरलमुळे लागते, हा समज सर्वांत चिवट. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. सिझेरियनचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही.

हे ऐकून तो शांत झाला. निर्णय मात्र मुलीने घेतला. ‘आई, मला बसून पाजायचंय. करू दे.’ आजी म्हणाल्या, ‘कर बाई.’

ब्लड पॅच

शनिवारी सकाळी साडेनऊला, ऑपरेशन थिएटरमध्ये. ताप नाही, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट दोन लाखांवर, रक्त पातळ करणारं कुठलंही औषध चालू नाही, हे पुन्हा तपासलं. तिला बसवत नव्हतं म्हणून डाव्या कुशीवर घेतलं. या कामाला दोन माणसं हवीत आणि दोघांनीही पूर्ण निर्जंतुक तयारी करायला हवी. मी पाठीकडे, दुसरे डॉक्टर हाताकडे. रक्त हे जंतूंचं आवडतं अन्न, ते आपण कण्याजवळ सोडणार असतो. इथे घाई चालत नाही.

आधीच्या भोकाच्या एक फट खाली सुई घातली. सोडलेलं रक्त खालपेक्षा वर जास्त पसरतं, म्हणून खालून जायचं. या वेळी कळा नव्हत्या, ती शांत पडून होती. साडेचार सेंटिमीटरच्या जरा पुढे प्रतिकार सुटला. सुईतून ना पाणी, ना रक्त. मग दुसऱ्या डॉक्टरांनी कोपराच्या शिरेतून २० मिलिलिटर रक्त काढलं, आणि मी ते गोठायच्या आत, पण सावकाश, सोडायला सुरुवात केली. प्रत्येक दोन-तीन मिलिलिटरला तिला विचारत होते. दहाला काही नाही. चौदाला ‘कमरेत भरल्यासारखं झालं’. सतराला ‘आता ताण बसतोय, मांडीपर्यंत’. तिथे थांबले. वीसचा आकडा गाठायचाच असा हट्ट नको. तिचं शरीर सांगेल तिथे थांबायचं.

दोन तास सपाट झोपवली. साडेबाराच्या आसपास हळूहळू बसवली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. ती मानेला हात लावून वाट बघत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ‘कानातले दडे गेले,’ ती म्हणाली. मग बाळ मागितलं.

दुपारभर बसून-उठून पाहिलं, स्वच्छतागृहापर्यंत चालत गेली. रविवारी सकाळी घरी सोडली.

नंतर

या वेळचं डिस्चार्ज कार्ड मी स्वतः बसून लिहिलं, मराठीत, पहिल्या पानावर. ड्यूराला भोक कधी पडलं, ब्लड पॅच कधी, किती मिलिलिटर. दोन आठवडे जड उचलायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही, बसून उठताना हाताचा आधार घ्यायचा. खोकला आला तर पोटाशी उशी धरायची. मालिशवाल्या बाईने हातापायांना तेल लावावं, आठ दिवस कमरेवर जोर द्यायचा नाही. शेगडी हवी तर खिडकी उघडी ठेवून. पाणी तहान लागेल तितकं, वर पाजताना एक तांब्या जवळ. आणि लगेच परत यायच्या खुणा : डोकेदुखी झोपूनही थांबत नाही, ताप, दोन-दोन दिसणं, पायात जोर कमी, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, झटका, जास्त गुंगी. माझा फोन नंबर खाली.

पथ्याबद्दल आजींशी वेगळं बोलले. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओव्याची धुरी यांतलं काहीही मी बंद केलं नाही. पाण्याचं तेवढं मागितलं. ‘पाणी द्या म्हणता, देते. पण थंड न्हाई देणार,’ असा त्यांनी तह केला. मला तो पूर्ण मान्य होता.

सोमवारी फोन केला. मानेत बारीक ठणका, दहापैकी दोन म्हणाली, गोळ्यांनी राहणारा. कंबर भरलेली. पुढच्या आठवड्यात दोन्ही गेलं. बाळाचं वरचं दूध हळूहळू सुटलं. परगावाहून परतल्यावर सहकारी स्वतः तिला भेटायला घरी गेले आणि त्या दिवशी काय घडलं ते आईवडिलांसमोर पुन्हा सांगितलं. घरच्यांचा राग त्या भेटीनंतर उतरला, हे मला वडिलांनी सांगितलं. तपशील कळलेला माणूस डॉक्टरवर कमी चिडतो, असा माझा या कामातला अनुभव आहे.

एक गोष्ट आपल्या शहरापुरती. कळांसाठीचं एपिड्युरल इथे कमी दिलं जातं, पण सिझेरियनचं स्पायनल रोज, शहरातही आणि बार्शी, अकलूज, पंढरपूरलाही. बारीक सुईनेही हीच डोकेदुखी होते, कमी प्रमाणात. कापणाऱ्या टोकाची सुई वापरली तर जास्त, पेन्सिलसारख्या टोकाची वापरली तर कमी; २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात कमरेतून सुई घातलेल्या रुग्णांत हे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर उतरलेलं दिसलं. पेन्सिल टोकाची सुई थोडी महाग मिळते. बाळंतिणीच्या बिलात तो फरक नगण्य आहे, आणि ती मागवून ठेवणं प्रत्येक नर्सिंग होमला परवडतं.

सहाव्या आठवड्यात ती बाळाच्या लशीला आली तेव्हा मला भेटून गेली. डोकं, कान, कंबर सगळं ठीक. मनःस्थितीबद्दलही विचारलं, कारण अशी डोकेदुखी होऊन गेलेल्या आयांमध्ये पुढे नैराश्य आणि रेंगाळणारी डोकेदुखी जास्त आढळते. झोप कमी आहे, बाकी बरं, म्हणाली. मग तिने विचारलं, ‘दुसऱ्या वेळी मला एपिड्युरल मिळेल ना?’ मिळेल. एकदा भोक पडलं आणि ब्लड पॅच झाला म्हणून दुसऱ्यांदा एपिड्युरल देता येत नाही असं नाही. बहुतेक वेळा ते नीट लागू पडतं. फक्त तेव्हाच्या भूलतज्ज्ञाला हे आधी माहीत हवं, आणि कळा सुरू व्हायच्या आत, आठव्या-नवव्या महिन्यात, सावकाश बोलून घ्यायला हवं. कार्डाचा फोटो तिने तिथेच फोनमध्ये काढून नवऱ्यालाही पाठवला.